वस्तीला कुठे?

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, चार दिवस सुट्टी काढलीय. पोरांना चांदोलीचं जंगल दाखवायचंय. जंगलातच राहायची काही सोय होते का बघा ना. नाहीतर तुमच्याकडं इस्लामपुरात वस्तीला येतो आणि तिथनं जाऊन-येऊन करतो. काय बरं पडंल?"

उत्तर सोपे होते. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या आत पाहुण्याला रात्र काढता येत नाही. सकाळी मणदूरकडून आत जायचे आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचे. तेव्हा उरते ती निवड दोनच ठिकाणांची : उद्यानाच्या दाराशी मणदूर-वारणावतीला राहायचे, की साठेक किलोमीटर मागे इस्लामपुरात. मी तसे सांगितले आणि फोन ठेवला. पण त्याचा 'वस्तीला' हा शब्द काही डोक्यातून जाईना.

आमच्या भागात परगावी रात्र काढणे म्हणजे वस्तीला राहणे. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी एसटी ती वस्तीची गाडी. आणि चार घरे, गोठा, परडे, देव असे नांदते ठिकाण तीही वस्तीच. एका रात्रीच्या मुक्कामाला आणि पिढ्यान्पिढ्यांच्या नांदण्याला आपण एकच शब्द वापरतो. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, पण या शब्दाच्या दोन्ही बाजू एकमेकींसमोर उभ्या करून वारणेच्या खोऱ्याकडे मी कधी पाहिले नव्हते. त्या जंगलात रात्री कोण राहत होते, कोणाला राहू दिले गेले, कोणाला बाहेर काढले आणि इस्लामपूर या सगळ्यात कुठे होते, हे शोधत गेलो. हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

१

आधी वाट सांगतो. इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे ठाणे. नगरपालिकेच्या जुन्या कागदांत ते उरुण-इस्लामपूर असे जोडनावाने येते. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. या लेखात मात्र ज्या काळाची हकिगत आहे त्या काळाचेच नाव ठेवले आहे. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधली ही काळी, उसाची जमीन. इथून पेठ नाक्यावर पुणे-बेंगळुरू रस्ता ओलांडला की रान चढू लागते. शिराळा, कोकरूड, आरळा, सोनवडे, मणदूर अशी गावे मागे टाकत रस्ता वारणेच्या काठाने पश्चिमेला जातो. ऊस संपून भात लागते, भात संपून नाचणी-वरीची टेकाडे लागतात आणि मग सह्याद्रीची धार. धारेपलीकडे सरळ कडा आणि खाली संगमेश्वराचे कोकण.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे या रानात एकमेकांना भिडतात. वारणेचा उगमही याच रानात, पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजच्या बाजूला. पाथरपुंजचा पाऊस अलीकडे वर्तमानपत्रांत गाजतो. जुन्या लोकांना त्याचे नवल नव्हते. मृगापासून दसऱ्यापर्यंत त्या रानात बाहेरचा माणूस राहूच शकत नसे. राहत ते तिथलेच, कुडाच्या भिंतींना बाहेरून गवताची झड बांधून आणि घरात अखंड चूल पेटती ठेवून.

हे रान निर्जन होते, असा समज आजच्या प्रवाशाचा होतो. इतिहास तसे सांगत नाही. धारेवरचा प्रचितगड आणि त्याच्या पायथ्याचे शृंगारपूर ही ठिकाणे शिवकालात नांदती होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी सुर्व्यांकडून शृंगारपूर घेतले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा मोगलांची फौज याच घाटमाथ्यावरून कोकणात उतरली आणि कैद्यांना घेऊन वर आली. शिराळ्याच्या कोटाजवळ महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न झाला, अशी बत्तीस शिराळ्याची परंपरा आहे. घाटवाट म्हणजे लोकांची जा-ये, आणि जा-ये म्हणजे वाटेवर वस्ती. कोकणातून मीठ-मासळी वर चढे, देशावरून धान्य खाली उतरे. या वाटांवरची झोळंबी, निवळे, गोठणे, रुंदिव ही गावे एका अर्थाने मुक्कामाचीच ठिकाणे होती. परक्याला त्यांच्या पडवीत रात्र काढता येत असे, कारण तिथे कोणीतरी कायमचे राहत होते.

दुसऱ्या बाजूने इस्लामपूर हे त्या रानातल्या माणसांचे वस्तीचे ठिकाण होते. मामलेदार कचेरी इथे, कोर्ट इथे, बाजार इथे. माझी आजी सांगे, तारखेसाठी आलेली वरची माणसे आमच्या सोप्यात घोंगडे टाकून झोपत. येताना हिरडा किंवा मधाचे मडके आणत, जाताना मीठ, गूळ आणि कापड नेत. कार्तिकात शंभूआप्पांचा उरूस भरला की ही माणसे घरच्या बायकापोरांसह उतरत. शंभूआप्पा हे बावाफन या मुसलमान साधूचे हिंदू शिष्य. गुरूचे नाव एका धर्माचे, शिष्याचे दुसऱ्या, आणि मठाच्या आवारात पसरलेल्या घोंगड्यांना कोणी जात-धर्म विचारत नसे, असे आजीच्या बोलण्यातून कळे.

म्हणजे जंगलातला मुक्काम आणि शहरातला मुक्काम यांत तेव्हा निवड नव्हती, देवघेव होती. रान शहराला वाट देई, शहर रानाला सोपा देई. ही देवघेव मोडली ती तीन टप्प्यांत.

२

पहिला टप्पा जंगल कायद्याचा. १८७८च्या कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले आणि १९२७च्या कायद्याने ती चौकट पक्की केली. सह्याद्रीच्या उतारावर राब भाजून, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घेऊन ती जागा सोडायची आणि दुसरीकडे जायचे, या कुमरी शेतीवर इंग्रजी अंमलात बंधने आली. गावे जागच्या जागी राहिली, पण त्यांच्या भोवतालचे रान सरकारचे झाले. लाकूड, गवत, चराई या सगळ्याला परवानगी लागू लागली. रात्री घरात झोपणारा माणूस सकाळी दाराबाहेर पाऊल टाकताच गुन्हेगार ठरू शकत होता.

या रागाला १९३० मध्ये तोंड फुटले. मिठाचा कायदा मोडायला सगळ्यांनाच समुद्र जवळ नव्हता. सातारा जिल्ह्यात लोकांनी जंगलचा कायदा मोडला. शिराळ्याच्या बाजूचे बिळाशी हे वारणाकाठचे गाव त्यात पुढे होते. लोकांनी सरकारी रानात झाडे तोडली आणि गावात झेंडा उभारला. तो उतरवायला पोलीस आले आणि गोळीबार झाला. वाळवा तालुक्यातले रेठरे धरणही त्याच वर्षीच्या जंगल सत्याग्रहात होते. शाळेतल्या पुस्तकात या सत्याग्रहाला एखादी ओळ मिळते आणि ती स्वराज्याच्या मागणीपाशी थांबते. पण मागणी तेवढीच नव्हती. ज्या रानाच्या कुशीत आम्ही राहतो, ते आमचे की साहेबाचे, असा तो साधा प्रश्न होता.

३

दुसरा प्रसंग बारा वर्षांनंतरचा. यात 'राहायचे कुठे, जंगलात की गावात' हा प्रश्न अक्षरशः जिवाचा झाला.

१० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार होऊन नऊ माणसे गेली होती. इस्लामपुरातही गोळ्या झाडल्या गेल्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे हुतात्मा झाले. उघड्या मोर्चांचा मार्ग बंद झाल्यावर चळवळ भूमिगत झाली. तिच्यातूनच पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालचे सातारचे प्रतिसरकार उभे राहिले. १९४३ ते १९४६ या काळात त्याने न्यायदान मंडळे चालवली, तुफान सेना उभी केली, सावकारांना आणि गावगुंडांना वचक बसवला. नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. म्हणजे चळवळीचे घर इस्लामपूरच्या आसपासच.

भूमिगत माणसाला दिवसापेक्षा रात्रीचा प्रश्न मोठा. गावात राहिले तर भाकरी मिळते, बातमी मिळते, पण फितुरीची भीती. रानात राहिले तर पोलीस सहज येत नाहीत, पण भाकरी पोचवणाऱ्याच्या मागावर कोणीतरी असू शकते. म्हणून हे लोक कृष्णाकाठच्या उसात आणि मळ्यांत राहत, दोन रात्री सलग एका ठिकाणी काढायचे टाळत, आणि दबाव वाढला की वारणेच्या रानाकडे सरकत. त्यांना पोसणाऱ्या बायकांची नावे फार थोड्या ठिकाणी लिहिलेली सापडतात. रात्री अकरा वाजता अनोळखी सात माणसांसाठी चूल पेटवायची, आणि सकाळी पोलिसांपुढे "इथं कोण बी आलं न्हाई" म्हणायचे, हे काम वर्षानुवर्षे केले गेले.

२५ फेब्रुवारी १९४६. स्वातंत्र्य दीड वर्षावर आले होते. मणदूर-सोनवडेच्या रानात पोलिसांशी चकमक झाली आणि किसन अहिर व नानकसिंग हे दोघे मारले गेले. नानकसिंग आझाद हिंद सेनेतून आलेले, इथल्या तरुणांना शिक्षण देण्यासाठी थांबलेले. पंजाबातला माणूस सह्याद्रीच्या रानात वस्तीला आला आणि तिथेच राहिला. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचे नाव आहे, ते याच प्रसंगामुळे.

आज चांदोलीला जाणारा पाहुणा मणदूरला परवाना काढतो, वाटाड्या घेतो आणि पुढे जातो. ज्या ठिकाणी आपण प्रवेशाची पावती फाडतो, त्या रानात रात्र काढण्याची किंमत एकदा दोन जिवांनी दिली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मी पुतण्याच्या मुलांना मात्र सांगितले.

४

देवघेव मोडण्याचा दुसरा टप्पा धरणाचा. वारणा अडवायची हे ठरले, पण कुठे? खालच्या बाजूला खुजगावला की वर चांदोलीला, यावरून सांगली जिल्ह्याचे राजकारण अनेक वर्षे तापले. वसंतदादा पाटील खुजगावच्या बाजूचे, राजारामबापू पाटील चांदोलीच्या. इस्लामपुरात माझ्या लहानपणी चहाच्या टपरीवर या दोन नावांवरून सख्खे भाऊ भांडत. खुजगावला मोठा साठा होईल आणि अधिक शेतीला पाणी मिळेल, असे एक म्हणे. बुडणारी गावे किती, हे दुसरा विचारी. शेवटी धरण चांदोलीला झाले. ३४.४० टीएमसी क्षमतेच्या त्या जलाशयाला वसंतसागर असे नाव मिळाले.

त्या वादात एक गोष्ट कोणाच्याच तोंडी फारशी नसे, निदान इस्लामपुरात तरी. बुडणारे कोणीतरी असणारच होते. प्रश्न एवढाच होता, की खालचे बुडणार की वरचे. पाणी आम्हांला मिळणार होते. आमचा ऊस, आमचे कारखाने, आमच्या मुलांची शिक्षणे त्या पाण्यावर उभी राहिली. मी ज्या शाळेत शिकवले तिच्या इमारतीलाही उसाच्या टनामागची वर्गणी लागली आहे. म्हणून हा इतिहास मी बाहेरून लिहीत नाही.

तिसरा टप्पा अभयारण्याचा. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये जाहीर झाली. कोयनेचे क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली त्यांत महाराष्ट्रातली चार होती : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत कायद्याने फरक आहे आणि आपल्या विषयाला तो महत्त्वाचा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्याची मुभा मिळू शकते. राष्ट्रीय उद्यानात सगळे हक्क मिटवावे लागतात, गुरे चारणेही बंद. म्हणजे वस्ती या शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे संपतात. धरणामुळे काही आणि अभयारण्यामुळे काही, अशी तिसेक गावे या रानातून हलली. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांत त्यांच्या वसाहती झाल्या. एकाच गावाची दोन-तीन शकले वेगवेगळ्या तालुक्यांत पडली. वनवासींचे आणि पिढीजात वनरहिवाशांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये आला. बहुतेक गावे तोवर उठली होती.

पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९७६ मध्येच तो झाला. पण कायदा असणे आणि जमिनीचा तुकडा सातबारावर चढणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्यासाठी धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले, ठिय्या देत राहिले. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर हे त्या लढ्यांतले प्रमुख नाव. त्यांचे गाव कासेगाव, इस्लामपूरपासून हाकेच्या अंतरावर. बेचाळीसच्या चळवळीतले बाबूजी आणि इंदुताई पाटणकर हे त्यांचे आईवडील. १९३०चा जंगल सत्याग्रह, १९४२ची भूमिगत चळवळ आणि विस्थापितांचा लढा ही तीन प्रकरणे पुस्तकांत वेगवेगळी छापली जातात. वारणाखोऱ्यात ती एकाच चुलीभोवती सांगितली जातात.

५

हा प्रश्न फक्त चांदोलीचा नाही. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाणारे अमेरिकेतले यलोस्टोन १८७२ मध्ये झाले. १९०४ मध्ये त्याच्या आत ओल्ड फेथफुल इन हे ओंडक्यांचे भव्य हॉटेल उघडले. ज्या शोशोनी लोकांच्या टोळ्या त्या डोंगरांत राहत होत्या, त्यांना त्याआधीच बाहेर काढले होते. म्हणजे मूळचा रहिवासी बाहेर आणि भाडे देणारा पाहुणा आत. आपल्याकडेही साहेबी काळात जंगलात विश्रामगृहे झाली ती अधिकाऱ्यांच्या फेऱ्यांसाठी आणि शिकारीसाठी. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क म्हणून सुरू झालेल्या आजच्या कॉर्बेटमध्ये ढिकाल्याच्या विश्रामगृहात पाहुण्यांच्या पिढ्या उतरत आल्या.

मराठी वाचकाला जंगलातल्या मुक्कामाची ओढ लावली ती आपल्या लेखकांनी. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातल्या माडगूळचे. विदर्भातल्या नागझिऱ्याच्या अरण्यात मुक्काम करून त्यांनी 'नागझिरा' लिहिले. मारुती चितमपल्लींचे तर आयुष्यच रानात गेले. रात्री जंगलात राहिल्याशिवाय जंगल कळत नाही, हे या लेखकांमुळे आपल्याला पटले आणि ते खरेही आहे. पण एक माणूस वही घेऊन राहतो आणि शंभर खोल्यांचे पर्यटक निवास उभे राहते, यांतला फरक कायद्याला करावा लागतो. २००२च्या दुरुस्तीनंतर अभयारण्यात व्यापारी पर्यटक निवास किंवा हॉटेल बांधायचे तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले. ऑक्टोबरमध्ये नवे नियम झाल्यावर बंदी उठली. त्या नियमांनी गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाला वीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि आतल्या कायमच्या पर्यटक सोयी टप्प्याटप्प्याने काढायला सांगितल्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाची एक हकिगत मात्र वेगळी आहे. उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये तिथून हुसकावले होते. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. ते तिथे पुन्हा घरे बांधायला गेले नाहीत. जमीन रानच राहू दिली आणि आत पर्यटक निवास चालवण्याचे करार स्वतः केले. पाहुणा आत वस्तीला राहतो, पण भाडे जमिनीच्या मालकाला जाते. आपल्याकडे हे जसेच्या तसे होईल असे मी म्हणत नाही. आपल्या रानाचा विस्तार, पाऊस, माणसांची दाटी वेगळी. पण रान राखणे आणि रानातल्या माणसाचा हक्क मानणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, एवढे तरी त्यातून दिसते.

६

पुतण्या आला. मी त्याला इस्लामपुरात ठेवून घेतले नाही. मणदूरच्या बाजूला एका घरी दोन रात्रींची सोय केली. त्या घरच्या आबांची आणि माझी ओळख जुनी. त्यांचे मूळ गाव आता उद्यानाच्या आत आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर अंगणात बसलो. नाचणीची भाकरी, हरभऱ्याची आमटी आणि ठेचा असा बेत होता. मुलांनी विचारले, "आबा, तुमच्या गावात वाघ होता का?" आबा म्हणाले, "व्हता की. त्यो त्याच्या वाटंनं जायचा, आमी आमच्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, देवीला जायाला परवानगी मिळती. सकाळी जायाचं, नारळ फोडायचा, आन दिस बुडायच्या आत भाईर. माझ्या आज्यानं बांधल्यालं जोतं हाय तितं अजून. त्याच्यावर बसून भाकरी खातो. पर झोपता येत न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. मी विचारले, "आबा, गावं उठली ते चुकलं का?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांची शाळा, दवाखाना, समदं हितं झालं. बायकूला बाळंतपणात डोलीतनं न्यायची येळ सुनंवर आली न्हाई. रान बी वाढलंय, खोटं कशाला बोलू. पर इचारून उठवायला पायजे व्हतं. आन एक रात तरी ठिवायला पायजे व्हती आमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही उद्यानात गेलो. झोळंबीचा सडा पाहिला. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार; पावसाळ्यानंतर त्यावर गवत आणि रानफुले दाटतात. धारेवरून कोकण दिसले. गव्यांचा कळप दिसला. वाटेत आंब्या-फणसाची झाडे ओळीने उभी दिसली. मुलांना वाटले जंगल आहे. आमचा वाटाड्या, जो स्वतः विस्थापिताचा मुलगा, तो म्हणाला, "ही परडी हाईत. घरामागची." मग मुलांना जोती दिसू लागली, तुळशीवृंदावनाचा दगड दिसला, जात्याची तळी दिसली. सूर्य कलल्यावर आम्ही बाहेर पडलो. आत राहिले ते संरक्षण कुटीतले वनमजूर आणि वनरक्षक. रात्रीच्या रानावर आज हक्काची वस्ती एवढ्याच माणसांची.

७

या इतिहासाला अलीकडे एक उलटा अंक जोडला गेला आहे. वाघांसाठी राखलेल्या या रानात बरीच वर्षे वाघाची फक्त चाहूल असे. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण आणून इथे सोडली गेली. म्हणजे वाघाला आत वस्तीला आणावे लागले. आणि बिबट्या? तो आपण होऊन खाली उतरला. शिराळा, वाळवा तालुक्यांतल्या उसात बिबट्यांच्या माद्या पिल्ले घालतात. तोडणी करणाऱ्या टोळीला फडात बछडी सापडतात आणि वन खात्याची माणसे रात्र जागून आईला ती परत मिळवून देतात. ज्या उसात बेचाळीसचे भूमिगत दडत, त्याच उसात आता बिबट्या दडतो. आणि तो ऊस उभा आहे तो ज्या पाण्यावर, ते पाणी आबांच्या खोऱ्यातून येते. जंगलात राहायचे की इस्लामपुरात, या प्रश्नाचे बिबट्याने आपले उत्तर दिले आहे.

मग माणसाने कुठे राहावे? पुतण्याने परत जाताना हेच विचारले. पुढच्या खेपेला मित्रांना काय सांगू? मी त्याला म्हटले, आत राहायचा हट्ट धरू नका. रात्रीचे रान गव्याचे, बिबट्याचे आणि आता पुन्हा वाघाचे. जिथे आबांना झोपता येत नाही, तिथे पैसे देऊन झोपण्याचा हक्क आपल्याला असू नये. इस्लामपुरात राहिलात तर सोय होईल, लॉज आहेत, खानावळी आहेत, पण तुम्ही पाणी पिऊन जाल आणि ते कुठून येते ते कळणार नाही. म्हणून दाराशी राहा. मणदूरला, वारणावतीला, आरळ्याला, कोणाच्या तरी घरी. भाड्याचे पैसे त्या घरात राहू द्या. आणि रात्री अंगणात बसून म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावाचे नाव विचारा.

त्याने मान हलवली. गाडीत बसताना धाकट्याने मला विचारले, "आजोबा, आबांना एक रात्र तिथं राहायला कोणी देणार नाही का?"

मी इतिहास शिकवला आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण तिसेक गावांतल्या ज्यांचा जन्म त्या रानात झाला, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. वर्षातून एकदा, देवीच्या दिवशी, वनरक्षकाच्या देखरेखीखाली, आपल्या जोत्याशेजारी एक रात्र. रानाचे त्यात काय बिघडेल, हे जाणकारांनी सांगावे. मला तरी मुलाच्या प्रश्नाला नाही म्हणता आले नाही. "विचारून बघू," एवढेच म्हणालो. मग घरी येऊन कागद घेतला आणि अर्जाचा मायना लिहिला. खाली पहिला अंगठा आबांचा असेल.